शकावलीची साक्ष आकाशात

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जिजाऊंचे जन्मस्थान तुम्ही पाहिले असेल. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज कधी जन्मले, याविषयी मात्र फार वर्षे वाद होता. बखरींच्या आधारे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया मानली जात असे. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडील एक जुनी शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. जवळजवळ तीन वर्षांचा फरक!

शकावली म्हणजे वर्षवार घडामोडींची टिपणे. जेधे शकावलीत १६१८ ते १६९७ या काळातील नोंदी आहेत. अशी टिपणे हाताने उतरून घेतली जात. उतरवताना एखादा आकडा चुकला, तर तो ओळखायचा कसा?

या नोंदीत तिथीबरोबर शुक्रवार हा वार आणि हस्त हे नक्षत्रही दिले आहे. येथेच गणित मदतीला येते. ही तिथी त्या वेळच्या ज्यूलियन कालगणनेने १९ फेब्रुवारी १६३० रोजी येते. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होय. १ मार्च २००० रोजी बुधवार होता. मधली वर्षे ३७०, म्हणजे ३७० × ३६५ = १,३५,०५० दिवस; त्यात लीप वर्षांचे ९० दिवस मिळवा. एकूण १,३५,१४०. यास ७ ने भागल्यास बाकी ५ उरते. बुधवारच्या मागे पाच दिवस मोजा : शुक्रवार!

आता नक्षत्र पाहू. फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास चंद्र फाल्गुनी नक्षत्रांच्या परिसरात असतो. महिन्याचे नावही त्यावरूनच पडले. चंद्र रोज सुमारे १३ अंश, म्हणजे साधारण एक नक्षत्र पुढे सरकतो. तेव्हा वद्य तृतीयेला तो हस्तात असणे अगदी सुसंगत आहे.

असाच पडताळा दूर आयर्लंडमध्येही मिळतो. तेथील मठांतही वर्षवार टिपणे ठेवली जात. ‘ॲनल्स ऑफ अल्स्टर’ या ग्रंथाचे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील हस्तलिखित पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहिण्यास घेतलेले आहे. त्यात इ. स. ६६४ मधील सूर्यग्रहण १ मे या दिवशी नोंदलेले आहे, आणि गणितानेही तोच दिवस येतो. याउलट इंग्लंडमधील विख्यात इतिहासकार बीड याने ७३१ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ग्रंथात ३ मे दिला. त्याने तो कोष्टकावरून काढला असावा, असे अभ्यासक मानतात. पाहा, हस्तलिखित आठशे वर्षांनंतरचे, पण मूळ टिपण प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे!

मात्र एक सावधगिरी बाळगा. वार, तिथी व नक्षत्र जुळले म्हणजे नोंद आतून सुसंगत आहे एवढेच ठरते. घटना त्याच दिवशी घडली, हे ठरवण्यास दुसरा स्वतंत्र पुरावा हवा. येथे तो ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्याने दिला. त्यातही शके १५५१ ची तीच तिथी आहे.

तुमच्या घरी जुनी जन्मपत्रिका असेल, तर तिच्यातील तारीख व वार असाच पडताळून पाहा.