रंग नको, खवले मोजा

पावसाळ्यात चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमधून किंवा चिखलीतल्या चाळीतून सर्पमित्राला फोन जातो. वर्णन ठरलेलं असतं: काळपट अंग, पांढरे पट्टे, मण्यारच आहे! पुष्कळदा तो कवड्या निघतो. बिनविषारी, पालींमागे भिंत चढणारा आणि केवळ पट्ट्यांपायी मार खाणारा.

पट्ट्यांवरून काहीच कळत नाही असं नाही. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे डोक्यामागे बरंच अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि मागे ठळक असतात. पण पट्टे जवळजवळ नसलेल्या मण्यारीही सापडतात. क्वालिटीवाला पार्टचा रंग बघून तो पास करत नाही, व्हर्नियर लावतो. प्राणिशास्त्रज्ञ खवले बघतो.

१९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र इथेच, आकुर्डीत आहे. अशा संस्थांत प्राण्यांचे नमुने अल्कोहोलमध्ये जपतात. त्यात सापाचा रंग उतरतो, खवल्यांची मांडणी मात्र तशीच राहते. जिवंत साप वाढला, त्याने कात टाकली, तरी ती बदलत नाही.

मण्यारीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ शेजारच्या ओळींपेक्षा मोठी आणि षटकोनी असते, कवड्याची नसते. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण मांजऱ्या आणि रुका या सापांनाही तिथे मोठे खवले असतात. मग शेपटीची खालची बाजू पाहायची. मण्यारीला तिथे एकेरी, अखंड खवले असतात. बाकी तिघांचे दुभागलेले. दोन्ही खुणा जुळल्या की मण्यार.

(हे काम मेलेल्या नमुन्यावर, जाणकाराने करायचं. दंश झाला तर साप ओळखत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून जमिनीवर झोपलेल्याला तो कळतच नाही.)

मोजदादीलाही मर्यादा आहेत. लिनिअसने १७५८ साली सापांच्या पोटाखालचे आणि शेपटीखालचे खवले मोजून जाती नोंदल्या. त्याच्या यादीत नाग आणि कवड्या दोघेही ‘कोलुबर’ या एकाच प्रजातीत बसले! आकड्यांनी जात ओळखता येते, नातं नाही. नात्यासाठी पुढच्या अभ्यासकांना सापाचं तोंड उघडावं लागलं. तिथेही फसगत आहेच: कवड्याचे पुढचे दात चांगले लांब असतात, पण त्यांत विष वाहून नेणारी नळी नसते. ती नळी असलेले, जबड्याच्या पुढच्या भागात पक्के बसलेले दात मण्यारीला आहेत आणि नागालाही. म्हणून पट्टेवाली मण्यार नागाच्या कुळात गेली आणि तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी धामणीच्या.