सोनेरी नळाचा कोपरा

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात विसावा रस्ता आणि चर्च स्ट्रीट मिळतात, त्या चढावरच्या कोपऱ्यावर एक बुटका फायर हायड्रंट आहे. रंग झगझगीत सोनेरी. दर १८ एप्रिलला पहाटे लोक इथे जमतात आणि त्याला सोनेरी रंगाचा नवा हात देतात.

१९०६ साली याच तारखेला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंपाने शहर हादरलं. जमिनीखालच्या जलवाहिन्या फुटल्या, ठिकठिकाणी आगी लागल्या आणि नळ कोरडे पडले. आग तीन दिवस पेटत राहिली. तीन हजारांच्या आसपास माणसं गेली, चार लाख वस्तीतले निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. या कोपऱ्यावरच्या नळाला मात्र पाणी होतं. त्याच पाण्यावर मिशनचा पुढचा भाग वाचला.

खरी कसोटी त्यानंतरची. धुराडी तडकलेली, त्यामुळे तपासणी होईपर्यंत घरात चूल पेटवायला बंदी! बायाबापड्यांनी लोखंडी शेगड्या रस्त्याच्या कडेला आणून मांडल्या. आडोशाला जुनी दारं, फळ्या, चादरी. ज्यांची घरं उभी होती, तेही महिनोन्‌महिने रस्त्यावरच रांधत होते. शिध्यासाठीच्या रांगेत श्रीमंत-गरीब एकामागे एक उभे राहत. पत्रांना तिकीट लागत नव्हतं. कागद मिळेना, तेव्हा लोकांनी शर्टाच्या सुट्या कॉलरवर खुशाली लिहून धाडली आणि टपालखात्याने ती पोचवली.

नळाच्या खालच्या अंगाला पसरलेलं डोलोरेस पार्क. पावसाळ्याआधी तंबूंच्या जागी पक्का निवारा हवा, म्हणून शहरातल्या अशा मैदानांवर ५,६१० लाकडी खोपटं उभी राहिली. रेडवुडच्या भिंती, बाहेरून हिरवा रंग. महिना दोन डॉलर भाडं, तेच किमतीत वळतं व्हायचं. छावण्या उठल्या तेव्हा लोकांनी ती खोपटं घोडागाडीवर चढवून आपापल्या जागेवर नेली. भाड्याने राहणारी किती तरी कुटुंबं अशी पहिल्यांदाच घरमालक झाली. त्यातली काही खोपटं आजही तग धरून आहेत.

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीकरांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढलेले दिवस ज्यांना आठवतात, त्यांना हे परकं वाटणार नाही. पडलेल्या भिंती मोजता येतात. पण चूल पुन्हा घरात पेटते, तेव्हाच भूकंप संपतो.

‘जे चर्च’ मार्गाची ट्राम या कोपऱ्याशीच थांबते. नळाला हात लावून खाली पाहावं. जिथे बेघर माणसं नाइलाजाने उघड्यावर जेवत होती, त्याच हिरवळीवर सुट्टीच्या दिवशी कुटुंबं चटया अंथरून हौसेने जेवायला बसलेली दिसतात.