कड्यावरचं कुंपण

आयर्लंडमध्ये प्रस्तरारोहण शिकवणाऱ्याला जे प्रमाणपत्र मिळतं, त्याचा खरा कस त्याला काय करता येतं यापेक्षा त्याने कुठे जायचं नाही यात आहे. ‘रॉक क्लायम्बिंग इन्स्ट्रक्टर’ ही तिथली पायाभूत पात्रता. पूर्वी तिला ‘सिंगल पिच अवॉर्ड’ म्हणत. ती फक्त एका टप्प्याच्या कड्यांपुरती. म्हणजे मध्ये कुठे थांबा नको, शिकणाऱ्याला कुठल्याही क्षणी दोरावरून थेट जमिनीवर उतरवता आलं पाहिजे, पायथ्याला भरतीचं पाणी लागता कामा नये आणि जायची-यायची वाट बिनधोक हवी. ही व्याख्या घेऊन नकाशासमोर बसलं की गंमत होते. अँट्रिमच्या किनाऱ्यावरचा फेअर हेड, जवळजवळ १०० मीटर उंच डोलेराइटचे खांब (आपल्या सह्याद्रीच्या कातळाचा चुलतभाऊच, दोघेही शिलारसाच्या घराण्यातले), जवळपास सगळाच बाद. काउंटी क्लेअरमधला ऐलाडीचा चुनखडीचा समुद्रकडा, तोही बाद. ज्या कड्यांसाठी देशोदेशीचे आरोहक आयर्लंड गाठतात, तिथे हा कागद चालत नाही. तो चालतो डब्लिनजवळच्या डॉकीच्या दगडखाणीत. एकोणिसाव्या शतकात डन लेअरी बंदराच्या बांधकामासाठी जिथला ग्रॅनाइट फोडून नेला, त्या खाणीच्या उघड्या भिंतींवर आता नवशिके हात बसवतात.

हा कद्रूपणा वाटेल, पण आयर्लंडमध्ये दुसरं कुंपणच नाही. एक तर कड्यांवर कायमचे बोल्ट फारच कमी. आरोहक फटींमध्ये नट आणि कॅम ही धातूची साधनं बसवत वर जातो आणि परतताना काढून नेतो. मेख मारलेली नाही, म्हणजे ‘इथे दोर बांधा’ असं कातळ सांगत नाही. दुसरं, परवान्याचा कायदा नाही. ब्रिटनमध्ये १९९३ साली लाइम बे इथे कयाकिंग करताना चार शाळकरी मुलं दगावली आणि दोनच वर्षांत साहस केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. आयर्लंडच्या संसदेनेही २००१ मध्ये अशा केंद्रांचं नियमन करणाऱ्या प्राधिकरणाचा कायदा केला, पण ते प्राधिकरण प्रत्यक्षात कधी उभंच राहिलं नाही. आणि तिसरं, रानावनात कुठेही फिरण्याचा हक्क तिथे कायद्याने दिलेला नाही. डोंगर आणि कडे बहुतांश खाजगी किंवा सामायिक मालकीचे. शेतकऱ्याची मर्जी आहे तोवर वाट आहे. विकलोमधल्या एका फळ्यांच्या पायवाटेवर ठेचकाळलेल्या पदयात्रीला २०१६ मध्ये खालच्या न्यायालयाने ४० हजार युरोंची भरपाई दिली, तेव्हा जमीनमालकांमध्ये घबराट पसरली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. फाटक उघडलं तसंच लावून घ्यायचं, गाडी कुणाच्या वाटेत उभी करायची नाही, हेही म्हणूनच प्रशिक्षकाच्या कामाचा भाग ठरतं.

यावर पहिला आक्षेप कसलेल्या आरोहकांचा. फेअर हेडवरच्या अवघड वाटा लीड करणाऱ्याने, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढणाऱ्याने, पंधरा मीटरच्या भिंतीवर पोरं चढवायला परीक्षा का द्यायची? परीक्षेला बसण्याआधी किमान ४० पारंपरिक (म्हणजे बोल्टविना चढायच्या) वाटा स्वतः लीड केलेल्या असाव्या लागतात, म्हणजे कौशल्य गृहीतच धरलेलं आहे. पण ते वेगळं कौशल्य. कड्याच्या माथ्यावर अँकर, म्हणजे दोराचा आधार, लावतानाचं काम पाहा. दोन-तीन स्वतंत्र जागा निवडायच्या, त्या जाड दोराने अशा जोडायच्या की भार सगळ्यांवर सारखा यावा आणि एक निसटली तरी बाकीच्यांना झटका बसू नये. कॅराबिनर (दोर ओवायची कडी) काठाच्या खाली लोंबत ठेवायचा, म्हणजे चालता दोर दगडावर घासत नाही. आणि हे सगळं करताना खाली आठ मुलं उभी आहेत, त्यातल्या एकाने हेल्मेट काढलंय, हेही दिसलं पाहिजे. स्वतःसाठी चढणारा फक्त स्वतःच्या पडण्याचा हिशेब करतो. इथे दुसऱ्याच्या घाबरण्याचाही करावा लागतो. वर अडकून रडणाऱ्या मुलीला हळूच खाली आणणं ही ताकदीची गोष्ट नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी तटबंदी केली तर साहस उरतं कुठे? पण साहस मीटरमध्ये मोजायची सवय मोठ्यांची. ज्याने कधी दोर कमरेला बांधला नाही, त्याला डॉकीच्या काठावरून पाठमोरं खाली झुकताना लागणारी छाती कमी नसते. उलट फेअर हेडवर त्याला नेलं, तर तो साहस करत नाही, नुसता ओझ्यासारखा लोंबकळतो. खरा कच्चा दुवा वेगळाच आहे आणि तो मान्य करायला हवा: ही पात्रता सक्तीची नाही. चांगली केंद्रं प्रशिक्षक नेमताना ती मागतात, पण मुलाचं नाव नोंदवणारा पालक बहुधा पैसे किती, बूट कुठले घालायचे आणि पाऊस आला तर काय, एवढंच विचारतो. दोर बांधणाऱ्याचा कागद कुठल्या कड्यापर्यंत चालतो, हा प्रश्न त्याला सुचत नाही. आणि कायद्यानेही तो कुणाला विचारायला लावलेला नाही.