प्रतिजैविके आणि भस्मकल्प : अंतर राखणे आवश्यक

प्रतिजैविके चालू असलेला रुग्ण आम्लपित्तासाठी वा पांडुरोगासाठी आपणाकडे येतो, तेव्हा शंखभस्म, प्रवाळभस्म वा मंडूरभस्म देण्यापूर्वी त्याची चालू औषधे पाहणे हे आपले कर्तव्य होय. या कल्पांतील कॅल्शियम व लोह हे सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टेट्रासायक्लीन वर्गातील औषधांशी आतड्यात बद्ध होतात. त्यामुळे प्रतिजैविकाचे शोषण घटते व जंतुसंसर्ग बळावू शकतो. म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे भस्मकल्पाच्या किमान २ तास आधी वा ६ तासांनंतर घेण्यास आम्ही सांगतो. त्यासोबत दुधाचे अनुपानही टाळावे. अंगावर पुरळ, श्वासकष्ट वा रक्तमिश्रित अतिसार दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही दोन्ही औषधांच्या वेळा पाकिटावर स्पष्ट लिहून द्याव्यात.