गाडीचं थ्रीडी मॉडेल घेताय? फोटोवर जाऊ नका, आधी जाळी तपासा

डोंगराच्या कड्यावर उभी लाल थार, मागं पावसाळी ढग, काचेवर गावाचं नाव. अशी चित्रं आणि रील हल्ली खेड्यातली पोरंही घरच्या लॅपटॉपवर बनवतात. ती गाडी प्रत्यक्षात कुठंच उभी नसते. ती कॉम्प्युटरमध्ये असते आणि तिच्यावर उजेड टाकून चित्र काढलं जातं. याला रेंडरिंग म्हणतात. बहुतेक पोरं त्यासाठी ब्लेंडर वापरतात. ते पूर्ण फुकट आहे, पण मोबाइलवर चालत नाही. किमान ८ जीबी रॅमचा लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लागतो.

गाडी स्वतः शून्यापासून उभी करायची तर जाणत्यालाही आठवडे जातात. म्हणून हौशी माणूस तयार मॉडेल उतरवून घेतो. घोळ इथंच होतो. साइटवर मॉडेलचा फोटो झकास दिसतो, पैसे भरले जातात आणि घरी उघडल्यावर गाडी पांढरीफटक, चाकं वाकडी, काचा गायब. बैलबाजारात शिंगं रंगवलेला बैल उठून दिसतो, पण आपण दात बघितल्याशिवाय सौदा करत नाही. इथले दात म्हणजे जाळी.

थ्रीडी गाडी ही छोट्या-छोट्या सपाट तुकड्यांची बनलेली असते. या तुकड्यांना पॉलिगॉन म्हणतात आणि सगळ्यांची मिळून जी रेघांची जाळी दिसते तिला वायरफ्रेम. तुकडे कमी असले की चाक गोल न दिसता कोनाकोनाचं दिसतं. फार जास्त असले की लॅपटॉप बसतो. वीस-तीस हजार तुकड्यांची गाडी लांबून, रस्त्यावरच्या रहदारीत खपून जाते. गाडीच चित्राचा मुख्य विषय असेल तर दोन ते पाच लाख तुकड्यांची गाडी बहुतेकांना पुरते. वीस-तीस लाखांची गाडी ८ जीबीच्या मशीनवर टाकली तर ब्लेंडर अडखळू शकतं. म्हणून आधी ठरवा, चित्र कुठून काढायचं आहे. लांबून काढायचं असेल तर आतली सीट आणि स्टिअरिंग कोरलेली महाग गाडी घेऊन उपयोग नाही.

चांगले विक्रेते मॉडेलच्या पानावर वायरफ्रेमचं चित्र देतात. ते नसेल तर मी तरी पैसे भरू नका असंच सांगेन. स्केचफॅबवर गाडी मोबाइलमध्येही बोटाने फिरवून बघता येते, त्याचा फायदा घ्या. चाकाजवळ झूम करा. टायरच्या खाचा खरंच कोरल्या आहेत की नुसतं चित्र चिकटवलंय? हेडलाइटच्या काचेआड काही आहे का? दरवाजाच्या फटी खोल आहेत की काळ्या रेघा मारल्यात? आणि खिडकीतून आत बघा, कारण पुष्कळ मॉडेलांत आत काहीच नसतं.

फुकट मिळणाऱ्या भारतीय गाड्यांबाबत जास्त सावध राहा. त्यातल्या बऱ्याच गाड्या मोबाइलवरच्या बस आणि गाडी चालवण्याच्या गेमसाठी बनवलेल्या असतात. गेम पळावा म्हणून त्यांचे तुकडे मुद्दाम कमी ठेवलेले असतात. त्या कामासाठी त्या बरोबरच असतात, पण जवळून काढलेल्या चित्रात उघड्या पडतात.

पत्र्याची परीक्षा मात्र गॅरेजमधल्या मिस्त्रीकडून शिकावी. डेंटिंग केलेला दरवाजा नीट बसला का हे तो पत्र्यात दिसणाऱ्या ट्यूबलाइटच्या रेघेवरून ओळखतो. रेघ सरळ वाहत गेली तर काम चोख, मध्येच तुटली किंवा लहरली तर पोचा राहिलाय. थ्रीडी गाडीलाही हेच लागू. ब्लेंडरमध्ये सॉलिड व्ह्यूला मॅटकॅप नावाची सोय आहे, त्यात पट्ट्यापट्ट्यांचा एक नमुना असतो. तो लावून गाडी फिरवा. बॉनेट आणि दरवाजांवरून पट्ट्या गुळगुळीत वाहिल्या पाहिजेत. नाही वाहिल्या तर कितीही भारी रंग द्या, रेंडरमध्ये गाडी ठोकलेलीच दिसणार.

मापही तपासा. २०२० साली आलेल्या तीन दरवाजांच्या थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४५०. जुन्या मारुती ८०० ची लांबी ३३३५ आणि व्हीलबेस २१७५. कंपन्या ही मापं जाहीर करतातच. मॉडेलची लांबी खऱ्या मापाला आणा आणि मग मेजर टूलने चाकांमधलं अंतर मोजा. थारचं ते २.४५ मीटरच्या आसपास आलं तर ठीक. २.६ आलं तर बनवणाऱ्याने अंदाजाने ताणलंय, आणि गाडी बघताना काहीतरी चुकल्यासारखं का वाटतं याचं कारण तेच असतं. कधी कधी पूर्ण गाडीच शंभरपट मोठी उघडते. घाबरू नका. एकाने सेंटिमीटरमध्ये बनवलेली असते आणि दुसरं सॉफ्टवेअर तेच आकडे मीटर समजतं. फक्त ती तशीच ठेवू नका, मागचं दृश्य धूसर करण्याचं सगळं गणित चुकतं.

आता फाइलचा प्रकार. सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. डॉट ब्लेंड असेल तर उत्तम, कारण रंग, काच, क्रोम सगळं लागलेलंच येतं. जीएलबीही चांगलं, त्यात चित्रं आणि रंग सोबत बांधलेले असतात. एफबीएक्स आणि ओबीजेमध्ये आकार नीट येतो, रंगाचा भरवसा नाही. डॉट मॅक्स ही थ्रीडीएस मॅक्स या दुसऱ्या, विकतच्या सॉफ्टवेअरची फाइल. ब्लेंडर ती उघडतच नाही. त्यातही पानावर व्ही-रे किंवा कोरोना असं लिहिलेलं असेल तर समोर दिसणारा झकास फोटो त्या रेंडर इंजिनमध्ये काढलेला आहे. ते रंग ब्लेंडरमध्ये येत नाहीत. तुम्हाला मिळणार नुसता आकार. रंग, काच, रबर सगळं परत लावायचं. ते जमत असेल तर स्वस्तात मिळालेली अशी गाडी वाईट नाही.

गाडी पळवायची असेल तर चाकं वेगळी आहेत का ते पाहा. चाक निवडून फिरवा. ते स्वतःच्या आसाभोवती फिरलं पाहिजे. सगळ्या गाडीला प्रदक्षिणा घालायला लागलं तर त्याचा ओरिजिन चुकीच्या जागी आहे. सेट ओरिजिनमधून तो दुरुस्त होतो. पण चारही चाकं बॉडीला जोडूनच आली असतील तर ती सोडवताना घाम फुटतो. ब्रेकचं कॅलिपर चाकासोबत गरागरा फिरत असेल तर बघणारे मेकॅनिक कमेंटमध्ये सोडणार नाहीत.

परवान्याचा भाग लोक वाचतच नाहीत. फुकट म्हणजे मोकळं नव्हे. सीसी झिरो लिहिलं असेल तर काहीही करा. सीसी बाय असेल तर बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना लिहावा लागतो. त्यापुढे एनसी जोडलं असेल तर त्या मॉडेलवर पैसे कमवायचे नाहीत, म्हणजे लग्नपत्रिकेच्या व्हिडिओचे घेतलेले हजार रुपयेसुद्धा त्यात आले. टर्बोस्क्विड, सीजीट्रेडरसारख्या साइटवर खऱ्या कंपनीच्या गाड्यांवर बहुतेकदा एडिटोरियल असा शिक्का असतो. पैसे भरूनही अशी गाडी जाहिरातीत वापरता येत नाही, कारण गाडीचं नाव, लोगो आणि रूप कंपनीचं आहे. थ्रीडी बनवणारा ते तुम्हाला विकू शकत नाही. तालुक्यातल्या एखाद्या दुकानाची दिवाळीची जाहिरात करून द्यायची असेल तर नाव-लोगो नसलेली, कुठल्याच खऱ्या गाडीसारखी नसलेली गाडी घ्या. आणि चित्र टाकताना खाली थ्रीडी रेंडर असं लिहा. नवीन मॉडेल आलं म्हणून जे फोटो ग्रुपवर फिरतात, त्यात अशी रेंडर पुष्कळ असतात आणि लोक बुकिंगला धावतात.

टेलिग्रामवर थोड्या रुपयांत शेकडो गाड्यांचे पॅक विकणारे भेटतात. ते बहुतेक दुसऱ्यांचे चोरलेले किंवा गेममधून उपसलेले असतात. पॅकमध्ये ईएक्सई फाइल आली तर ती उघडू नका. ब्लेंडच्या फाइलमध्येही प्रोग्राम लपवता येतो. उघडताना ब्लेंडर स्क्रिप्ट चालवू का असं विचारतं, अनोळखी फाइलला तिथं नाहीच म्हणा. साइटवरच्या किमती डॉलरमध्ये असतात. त्यासाठी कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू केले असतील तर खरेदी झाली की लगेच बंद करा. परदेशी साइटवर अनेकदा ओटीपीशिवायच पैसे कापले जातात.

गाडी आवडली तरी रीलला हात घालण्याआधी तिची एकच फ्रेम काढून घड्याळ लावा. उजेडासाठी पॉलीहेवनवर आकाशाची एचडीआरआय चित्रं सीसी झिरोमध्ये फुकट मिळतात, त्यातलं एक लावा. दहा सेकंदांच्या रीलला चोवीसच्या हिशेबाने २४० फ्रेम लागतात. एका फ्रेमला पाच मिनिटं लागली तर वीस तास झाले. आपल्याकडं तेवढा वेळ सलग लाइट टिकत नाही, म्हणून थेट व्हिडिओ काढू नका. पीएनजीमध्ये एकेक फ्रेम साठवा, लाइट गेली तरी आल्यावर पुढच्या फ्रेमपासून सुरू करता येतं. तरीही फार वेळ लागत असेल तर हेडलाइट आणि काचांचे थर कमी असलेली साधी गाडी शोधा.