ती डोळे वटारत नाही हो!

"सूनबाई सारखी माझ्यावर डोळे वटारते!" आमच्या पनवेलच्या बचत गटातल्या एका आजींची ही तक्रार. आम्ही आधी हसण्यावारी नेली. पण सुनेला नीट पाहिलं तर डोळे खरंच बाहेर आल्यासारखे! पोटभर जेवूनही वजन घटत होतं, छातीत धडधड, हातांना कंप. बिचारी भांडखोर नव्हती, आजारी होती. रक्त तपासलं, तर थायरॉईड वाढलेलं. डॉक्टरांनी निदान केलं, 'ग्रेव्ह्ज'चा आजार. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो.

गोळ्यांनी धडधड थांबली, वजन भरलं. डोळे मात्र तसेच. "मग गोळ्यांचा उपयोग काय?" म्हणत तिनं त्या परस्पर बंद केल्या, अन् सगळं पुन्हा उसळलं.

असं का होतं, याचा धागा प्रयोगशाळेतल्या गिनीपिगमुळे हाती लागला. १९३०च्या दशकात शास्त्रज्ञांनी जनावरांच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क त्यांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे पुढे आले. मग थायरॉईड काढून टाकलेल्या गिनीपिगना तो दिला. तरीही डोळे पुढे आलेच! म्हणजे दोष एकट्या थायरॉईडच्या हार्मोनचा नव्हता. १९५६मध्ये न्यूझीलंडच्या अ‍ॅडम्स आणि पर्व्ह्स यांना, पुन्हा गिनीपिगवरच्या प्रयोगांतून, रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला बराच वेळ चेतवणारा घटक सापडला. पुढे कळलं, ती आपल्याच शरीरानं बनवलेली अँटिबॉडी! रक्षकच उलटलेले. थायरॉईडला डिवचणारी हीच गडबड डोळ्यांमागच्या चरबीला आणि स्नायूंना सूज आणते. खोबण हाडाची, मागे सरकायला जागा नाही. मग डोळा पुढे येतो.

म्हणून मैत्रिणींनो, डोळे लगेच सुधारले नाहीत तरी गोळ्या मनानं सोडू नका. थायरॉईड फार वाढलं किंवा फार उतरलं, तरी डोळ्यांना त्रासच. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही वेगळं दाखवा. एकाचं दोन दिसणं, नजर अंधूक होणं, रंग फिके वाटणं, झोपेत पापण्या न मिटणं, यातलं काहीही झालं तर लगेच दाखवा. सिगारेट-विडीच्या धुरानं हा त्रास बळावतो, हे घरातल्या पुरुषांनाही ठणकावून सांगा.

आमच्या गटातल्या त्या घरात आता सिगारेट बंद झालीय. आणि रात्री सुनेच्या डोळ्यांत औषधाचे थेंब कोण घालतं, ठाऊक आहे? आजीच!