दुखणे किती, हे रुग्णालाच विचारा

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी काळभोरसारख्या गावात कुठल्याही दवाखान्यात गुडघेदुखीची तक्रार रोजचीच असते. रानात खुरपणी करणाऱ्या बायका, तेलाच्या डेपोतून टँकर नेणारे चालक, दिवसभर दुकानात उभे राहणारी माणसे. केसपेपरवर लिहिले जाते, 'दोन्ही गुडघे दुखतात'. मग एक्स-रे, गोळ्या आणि पुढची तारीख. महिनाभराने रुग्ण परत येतो तेव्हा त्याचा रक्तदाब आणि साखर आकड्यांत नोंदलेली असते. पण दुखणे कमी झाले की वाढले, खाली बसून उठता येते का, रात्री झोप लागते का, याची नोंद सहसा कुठेच नसते.

गुडघ्याच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. एक्स-रेमध्ये सांध्याची बरीच झीज दिसते, तरी एखाद्याला फारसा त्रास नसतो. दुसऱ्याचा एक्स-रे जवळजवळ निर्दोष असतो आणि त्याला जिना चढवत नाही. मग उपचारांचा उपयोग झाला की नाही, हे कशावरून ठरवायचे? हाडांच्या चित्रावरून की माणसाच्या चालण्या-बसण्यावरून?

या प्रश्नातूनच वैद्यकीय संशोधनात एक स्वतंत्र शाखा उभी राहिली आहे. रुग्णाने आपल्या प्रकृतीबद्दल स्वतः दिलेली माहिती, डॉक्टरने किंवा नातेवाइकाने तिचा अर्थ न लावता, जशीच्या तशी मोजायची. वेदना, थकवा, मळमळ, झोप, मनाची उदासी, रोजची कामे करण्याची क्षमता या गोष्टी रुग्णाशिवाय दुसरा कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये अशा मोजमापांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने त्याच वर्षी गुडघा आणि खुब्याच्या सांधेरोपणाच्या रुग्णांकडून शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर ठरावीक प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. लोणी काळभोरवरून जाणाऱ्या याच महामार्गावर, पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये 'कॉपकॉर्ड' हा कार्यक्रम आखला होता. त्यानुसार १९९६ मध्ये पुण्याचे संधिविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणमध्ये घरोघरी पाहणी केली. सुरुवात रक्ततपासणीने किंवा एक्स-रेने झाली नाही, ती दुखण्याबद्दलच्या साध्या प्रश्नांनी झाली. दुखते का, कुठे दुखते, कामात अडथळा येतो का? शरीराच्या चित्रावर दुखऱ्या जागा दाखवायच्या. ज्यांनी दुखते असे सांगितले, त्यांना मग डॉक्टरांनी तपासले.

पाहणीतल्या ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचा त्रास असल्याचे आढळले. ज्याला डॉक्टर आमवात म्हणतात, तो सांधे वाकडे करणारा आजार त्यांत अगदी थोड्यांना होता, प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का. बाकीच्यांचे दुखणे झिजेचे, कंबरेचे, स्नायूंचे होते. फक्त रुग्णालयात येणाऱ्यांची मोजदाद केली असती, तर यातले बरेचसे दुखणे हिशेबात आलेच नसते.

विचारायचे ठरले, तरी काय विचारायचे हा प्रश्न उरतोच. आमवाताच्या रुग्णांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० मध्ये तयार झालेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. मूळ प्रश्नावलीत मोटारीचे दार उघडता येते का, टबमध्ये आंघोळ करता येते का, दुधाचा नवा खोका उघडता येतो का, असे प्रश्न आहेत. गुडघ्याच्या झिजेसाठीच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत मोजे घालण्याबद्दल विचारतात. लोणी काळभोरमधली शेतकरी बाई या प्रश्नांना काय उत्तर देणार? तिला मांडी घालून जेवायला बसता येते का, उकिडवे बसून भांडी घासता येतात का, शौचाला बसून उठता येते का, हे विचारायला हवे. म्हणूनच पुण्यातील सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेसने गुडघ्याची ही प्रश्नावली भारतीय राहणीमानाप्रमाणे बदलून घेतली आणि औषधांच्या चाचण्यांत वापरली.

भाषांतर हाही किचकट भाग आहे. प्रश्नावली मराठीत आणायची, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ती पुन्हा इंग्रजीत करवून घ्यायची आणि दोन्ही ताडून पाहायची, अशी पद्धत आहे. त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजले, हे विचारले जाते. मराठीत दुखण्याला एक शब्द नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. मुंग्या येणे आणि आग होणे यांनी मज्जातंतूंच्या विकाराची शंका येते, तर सकाळी सांधे धरतात म्हटले की सुजेची. रुग्णाचा शब्द केसपेपरवर नुसते 'दुखणे' होऊन उतरला, की निदानाचा एक धागा निसटतो.

अशा नोंदींचा उपयोग काय, याचे सर्वांत ठळक उत्तर कर्करोगाच्या उपचारांतून मिळाले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात डॉ. ईथन बाश यांच्या गटाने केमोथेरपी घेणाऱ्या, आजार बळावलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. एका गटाला नेहमीची देखभाल मिळाली. दुसऱ्या गटातले रुग्ण मळमळ, धाप, वेदना अशी १२ लक्षणे स्वतः संगणकावर नोंदवत. लक्षण तीव्र झाले किंवा वाढले, की परिचारिकेला लगेच सूचना जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नोंदी करणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने होते, दुसऱ्या गटाचे २६ महिने. हा एकाच केंद्रातला अभ्यास होता, हे खरे. पण फरक पडला तो नव्या औषधाने नव्हे. त्रास वेळेवर कळला आणि त्यावर कोणीतरी वेळेवर हालचाल केली. नुसते फॉर्म भरून कपाटात ठेवले असते, तर हे घडले नसते.

पुणे जिल्ह्यातल्याच शिरूर तालुक्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने पन्नाशीपुढच्या लोकांना, आज तुमची तब्येत कशी आहे, असे विचारले होते. पुढच्या काही वर्षांत असे दिसले, की तब्येत वाईट सांगणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त होता, वय आणि इतर बाबी जमेस धरूनही. एका साध्या प्रश्नाच्या उत्तराला इतके वजन असू शकते.

तरीही रुग्णाचे म्हणणे म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, पण स्त्रीरोग आढळले ९२ टक्के स्त्रियांना. आधी कधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. 'बायकांना असतेच' म्हणून जे सोसले जाते, ते तक्रारीत उतरत नाही. तेव्हा तक्रार नाही म्हणजे आजार नाही, असे समजून तपासणी टाळता येणार नाही. प्रश्नावली तपासणीच्या जोडीला असते, तिच्या जागी नाही.

सरकारी व्यवस्थेत याचा पाया काही प्रमाणात घातला गेला आहे. आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या व्यक्तींसाठी जी तपासणी-यादी भरते, तिच्यात तोंडातली न भरणारी जखम, दोन आठवड्यांहून जुना खोकला यांबरोबर मनाच्या उदासीबद्दलचे दोन प्रश्नही असतात. हेतू आजार शोधण्याचा आहे, उपचारांचा परिणाम मोजण्याचा नाही. पण उपचार सुरू झाल्यावर त्याच घरी तीन महिन्यांनी पुन्हा विचारले, तर गोळ्यांचा गुण आला का, हे कळेल. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात लांबलचक प्रश्नावली भरणे शक्य नाही. रांगेत बसल्या-बसल्या तीन-चार प्रश्न विचारून आकडा केसपेपरवर लिहिणे मात्र शक्य आहे.

तोवर रुग्णांना स्वतःलाही सुरुवात करता येईल. जुने दुखणे असेल तर आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, वहीत आकडा लिहावा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. त्याशेजारी एखादे आपले रोजचे काम लिहावे, जसे मांडी घालणे, पाण्याची कळशी उचलणे, देवळाच्या पायऱ्या चढणे, आणि ते जमले की नाही याची खूण करावी. झोप कशी लागली, हेही लिहावे. आकडा सातावरून पाचावर आला, म्हणजे दोनाने उतरला, तर तो फरक साधारणपणे अर्थपूर्ण मानला जातो. सहावरून साडेपाचावर आला, तर त्यावरून फारसे काही ठरत नाही. अचानक वाढलेले दुखणे, ताप, सूज किंवा पायातली ताकद जाणे अशा वेळी मात्र वहीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पुढच्या तारखेला डॉक्टरांसमोर बसल्यावर 'बरं आहे' किंवा 'तसंच आहे' एवढेच न सांगता ती वही पुढे करावी. डॉक्टरांनीही ती वाचून औषध चालू ठेवायचे, बदलायचे की थांबवायचे, ते ठरवावे.